जाहिरातीपुरतं बोलणं

गुरुवार, १४ जुलै

रक्तदाब वरचा एकशे अडुसष्ट, खालचा शहाण्णव. डॉक्टर म्हणाले, रोजचा दाब वहीत लिहा आणि शेजारी दिवस कसा गेला तेही दोन शब्दांत लिहा. मला लिहिता-वाचता येत नाही, हे डॉक्टरांना कुणी सांगितलेलं नाही आणि सांगायचंही नाही. म्हणून मी बोलते आणि माझी सून मार्लिस लिहिते. तिचं अक्षर सुंदर आहे असं तीच म्हणते. मला काय, सगळ्या मुंग्या सारख्याच.

दोन शब्दांत सांगायचं तर आज धक्का बसला. पण मार्लिसने वही दोनशे पानांची आणली आहे, तेव्हा सगळंच सांगते.

सकाळी मी पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही वाढत होते. माझा मुलगा ड्युई दारातूनच म्हणाला, "मामॉ, हॅलरनवाले सोडून चालले." मला इथे सगळे मामॉच म्हणतात, पोटचा मुलगासुद्धा.

"कुणाला सोडून? बायकोला?"

"आपल्या विद्यापीठांच्या गटाला. पश्चिमेकडच्या मोठ्या विद्यापीठांनी स्वतःचं चॅनेल काढलंय. चोवीस तास नुसतं कॉलेजचं फुटबॉल. हॅलरनला त्यांनी आत घेतलं. पंधरा वर्षांचा करार झालाय."

"चोवीस तास? मग ती माणसं जेवतात कधी?"

कुणी हसलं नाही. मी विचारलं, "आणि आपली मॅच?"

ड्युईने कॉफीत डोकं घातलं. "करारात बसत नाही. या नोव्हेंबरची शेवटची."

माझ्या हातातलं बिस्किट ग्रेव्हीत पडलं. बुडालं. मी बुडू दिलं.

शुक्रवार, १५ जुलै

दाब कालचाच. मार्लिस म्हणते, वहीत नीट सांगा, नाहीतर पुढे कुणी वाचलं तर वाटेल म्हातारी फुटबॉलवेडी होती. फुटबॉल मला अजून पुरतं कळत नाही. चेंडू अंड्यासारखा का, हे मला कुणीही सांगितलेलं नाही.

तर असं आहे. नदीच्या अलीकडे आपलं टायगार्ट विद्यापीठ, पलीकडे हॅलरन. दरवर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी पुलाजवळच्या स्टेडियमात दोघांची मॅच होते. ते स्टेडियम बांधताना माझा बाप सिमेंट ओतायला होता. काम संपल्यावर कंपनीने मजुरांना पैशांऐवजी खुर्च्या दिल्या, पिढ्यान्‌पिढ्या बसा म्हणून. बापाला दोन मिळाल्या. तो गेल्यावर एक माझी झाली, एक ओर्फाची.

ओर्फा माझी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नदीपलीकडे राहते, नऊ मैलांवर. तिच्याशी मी बेचाळीस वर्षं बोलत नाही. म्हणजे बोलते, पण वर्षातून एकदा, त्या खुर्चीत, आणि तेही टीव्हीवर जाहिराती चालू असतील तेवढंच.

हसू नकोस, मार्लिस. लिही.

भांडण झाल्यावर पहिली काही वर्षं आम्ही शेजारी बसून मैदानाकडे बघत राहायचो. खुर्ची बापाची, ती कोण सोडणार? दोघींपैकी एकही नाही. मग मॅच टीव्हीवर दाखवायला लागले आणि खेळ मध्येच थांबायला लागला. लाल हातमोजे घातलेला एक माणूस मैदानात येऊन उभा राहतो. तो उभा असला की घरी बसलेले लोक टायरच्या आणि बिअरच्या जाहिराती बघतात, आणि स्टेडियममधले लोक एकमेकांची तोंडं. असाच तो उभा होता, तेव्हा ओर्फा म्हणाली, "थंडी आहे." मी म्हणाले, "आहे." तो निघून गेला आणि आम्ही गप्प बसलो.

तेव्हापासून तोच नियम. चेंडू चालू की तोंड बंद. जाहिराती वाढत गेल्या, तसं आमचं बोलणं वाढत गेलं. लोक शिव्या देतात, पूर्वी मॅच अडीच तासांत संपायची, आता चार तास चालते. मी मनात म्हणते, चालू दे.

तिचा नवरा गेला ते मला अशाच एका जाहिरातीत कळलं. तिने सांगितलं, तेवढ्यात लाल हातमोजेवाला बाजूला झाला. "अगं, फार वाईट झालं" एवढं म्हणायला मला पुढच्या जाहिरातीपर्यंत अकरा मिनिटं थांबावं लागलं.

आता ते चॅनेलवाले तेवढंही नेणार.

शनिवार, ३ सप्टेंबर

आज आपल्या मुलांची पहिली मॅच झाली, जिंकले. मला त्याचं काही नाही.

मार्लिसला चॅनेलच्या ऑफिसात फोन लावायला सांगितला. आधी वाजंत्री ऐकवली, मग एक गोड बाई आली.

"मॅडम, तुमची तक्रार काय आहे?"

"तुम्ही आमची मॅच बंद करताय."

"आम्ही बंद करत नाही, मॅडम. विद्यापीठाने करार केला आहे. तुमची आवडती टीम कुठली?"

"माझी बहीण."

पलीकडे बाईने बटणं खटखटवली. मग म्हणाली, "ती आमच्या यादीत दिसत नाही." पण आवाज जरा मऊ झाला होता. तिने विचारलं, "बहिणीला फोन का नाही करत, आजी?"

ह्या पोरी फार शिकलेल्या असतात. मी फोन ठेवला.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

मार्लिस सकाळपासून तेच तेच विचारते आहे. भांडण कशावरून? फोन का नाही? ठीक आहे, एकदाच सांगते. मध्ये बोलू नकोस.

आई शेवटची दोन वर्षं ओर्फाकडे होती. तिथेच गेली. चर्चमध्ये सगळं गाव जमलं होतं. माझ्या नवऱ्याकडची माणसं, खाणीतली माणसं, पाद्री. ओर्फा उठली, आईने लिहून ठेवलेला कागद माझ्या हातात दिला आणि मोठ्याने म्हणाली, "डेल्फिया थोरली आहे. ती वाचेल."

सातव्या वर्षी मला शाळेतून काढलं, भावंडं सांभाळायला. हे घरात कुणाला माहीत नव्हतं? मी तो कागद धरून उभी राहिले. पाद्रीबुवा खोकले. मग मी कागद आईच्या शवपेटीवर ठेवला आणि बाहेर निघून गेले. मागे पाहिलं नाही.

सगळ्या गावादेखत तिने मला उघडं पाडलं. शिकली ना, कॉलेजात गेली ना, मग दाखवायचं होतं.

आणि एवढ्यावर थांबली का? दर नाताळला चार-चार पानी पत्र पाठवते! फोन नाही, भेट नाही, नेमकं पत्रच. चिडवायचं म्हणजे किती चिडवायचं? मी एकही फोडलेलं नाही. फ्रूटकेकच्या डब्यांत ठेवते. तीन डबे भरले.

आत्ता मार्लिसचा हात थांबला आहे आणि ती माझ्याकडे विचित्र बघते आहे. म्हणते, "मामॉ, त्यांना खरंच माहीत होतं का?"

बहीण आहे माझी. तिला माहीत नसेल तर कुणाला असेल? मला म्हणाली, एक पत्र फोडून बघू का. मी म्हणाले, डब्याला हात लावलास तर ड्युईला सांगेन की तुझी ती घरगुती पीच पाय दुकानातून येते.

सोमवार, १४ नोव्हेंबर

दाब सांगत नाही. मार्लिसने यंत्र दोनदा लावलं आणि डॉक्टरला फोन केला, त्यावरून समजा.

मॅचची वेळ आम्ही ठरवत नाही, चॅनेल ठरवतं, तेही बारा दिवस आधी. तोवर इकडे कुणी लग्नाची पत्रिका छापत नाही, दफनाची वेळसुद्धा पाद्रीबुवा 'बहुतेक' म्हणून सांगतात. आज कळलं, शनिवार नाही, शुक्रवार. सकाळी अकरा. अठ्ठ्याण्णव वर्षांची शनिवारची मॅच त्यांनी सोफा सरकवावा तशी सरकवली.

ते मी सोसलं असतं. पण ड्युई बातमी पुढे वाचायला लागला. "वा, हे मात्र छान केलं! शेवटची मॅच म्हणून मान दिलाय. एकाच टायर कंपनीने सगळा खर्च उचललाय. पूर्ण मॅच जाहिरातींशिवाय दाखवणार!"

मी म्हणाले, "परत वाच."

"जाहिरातींशिवाय. एकही नाही. अडीच तासांत मॅच खल्लास, जुन्या काळासारखी. मामॉ, तुला आनंद नाही झाला?"

त्याच्यावर ओरडावं तर त्याला काय माहीत. मी मार्लिसकडे पाहिलं. ती ताटली पुसत होती. तीच ताटली पुसत राहिली.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

जसं झालं तसं सांगते. माझा आवाज कापतो आहे, ते लिहू नकोस. लिहिलंस? बरं.

ओर्फा आधीच येऊन बसली होती. तिच्या अंगात हॅलरनचा निळा स्वेटर, माझ्या अंगात आपला मरून रंगाचा, गडद लाल. ड्युई आणि मार्लिस वर बावन्नाव्या रांगेत, म्हणजे आकाशात. खेळ सुरू झाला आणि थांबायचं नावच घेईना. पळतात, पडतात, उठतात, पुन्हा पळतात. लाल हातमोजेवाला आला होता, सवयीने. कडेला उभा, हातमोजे खिशात खुपसलेले, कुणी बोलावतंय का बघत. बिचारा. एवढ्या गर्दीत मला फक्त त्याचंच दुःख कळत होतं.

मध्यंतरात ती तिच्या लोकांत गेली, मी बायकांच्या संडासाच्या रांगेत. परत आलो, बसलो, गप्प. तिने दोनदा घसा साफ केला. मी दोनदा स्वेटर सारखा केला. घड्याळ खाली खाली येत होतं.

तिसऱ्या भागात चॅनेलची एक बाई पायऱ्या चढून आली. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात कागद, मागे कॅमेरेवाला. म्हणाली, "तुम्ही दोघी बहिणी ना? एक निळी, एक मरून! किती गोड! आमच्या निरोपाच्या कार्यक्रमासाठी दोन वाक्यं बोलाल? फक्त हे वाचून खाली सही करा."

कागद आधी माझ्या मांडीवर आला. थोरली ना मी.

"चष्मा घरी राहिला," मी म्हणाले. हे माझं जन्मभराचं हत्यार. बँकेत, दवाखान्यात, मतदानाला, कुठेही चालतं.

ओर्फा मैदानाकडे बघत म्हणाली, "नाकावर आहे."

चेंडू चालू होता! चेंडू चालू असताना ती बोलली. मला आधी त्याचाच धक्का बसला. आणि मग जो राग आला, तो चर्चमधला होता तसाच्या तसा आला, जराही शिळा झालेला नव्हता. पुन्हा कागद, पुन्हा लोकांदेखत. मी त्या बाईच्या हातातून पेन ओढलं, कागदावर फुली मारली आणि ओर्फाच्या नाकासमोर धरली.

"घे. झालं समाधान? सगळ्यांनी पाहिलं पुन्हा एकदा."

ती फुलीकडे बघत राहिली. "हे काय आहे?"

"माझी सही."

"डेल्फ, ही फुली आहे."

"मोजता येतं मला. एकच आहे."

तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं हिला झटका येतोय. "तुला वाचता येत नाही?"

"नाटकं करू नकोस, ओर्फा. आईच्या पेटीपुढे माझ्या हातात कागद कोंबलास, तेव्हा तुला माहीत नव्हतं?"

"तूच तर मला वाचून दाखवायचीस!" ती एवढ्याने ओरडली की पुढच्या रांगेतला टकल्या वळला. "रोज रात्री! शेळीच्या लग्नाची गोष्ट. नदी चोरणाऱ्या माणसाची गोष्ट. तुझ्या मांडीवर पुस्तक असायचं, तू पानं उलटायचीस!"

"बियाण्यांच्या दुकानाचं यादीपुस्तक होतं ते. कोबी आणि बीट. गोष्टी माझ्या होत्या."

त्याच वेळी मैदानात काहीतरी झालं. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, अर्धं आनंदाने, अर्धं शिव्या द्यायला. आम्ही दोघीच बसलेल्या, कोटांच्या आणि पायांच्या जंगलात. ओर्फा माझ्या कानाशी आली.

"मी कॉलेजच्या ग्रंथालयात त्या शेळीची गोष्ट शोधली. दोन वर्षं शोधली. बाई म्हणायच्या, असं पुस्तकच नाही. मी म्हणायचे, माझी बहीण वाचायची." मग म्हणाली, "मी तो कागद तुला मान म्हणून दिला होता. घरात सगळ्यात सुंदर तूच वाचायचीस. तू तो टाकून निघून गेलीस. मला वाटलं, आई शेवटी माझ्याकडे राहिली म्हणून तू तिचे शेवटचे शब्दसुद्धा नाकारलेस."

मी चष्मा काढून स्वेटरला पुसला. नाकावरचाच, मार्लिस! लिही हे.

"आणि माझी पत्रं?" ती म्हणाली.

"ती मला चिडवायला पाठवत होतीस ना?"

"पहिली दहा-बारा वर्षं माफी मागत होते. तू उत्तरच देईनास. मग पुढे शिव्या दिल्या."

लोक खाली बसले. चॅनेलची ती बाई तिथेच होती, तिचे डोळे चमकत होते. "हे परत एकदा बोलाल का? कॅमेऱ्याकडे बघून?"

ओर्फाने माझ्या फुलीचा कागद उचलला, घडी घातली, आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. खाली मैदानात बावीस दांडगे एकमेकांवर आदळत होते, घड्याळ धावत होतं.

"आत्ता जाहिरात चालू आहे, बाई," ती म्हणाली. "नंतर या."

कोण जिंकलं ते मला गाडीत ड्युईने सांगितलं. लगेच विसरले.

शनिवार, २६ नोव्हेंबर

दिवसभर कुणावर रागवायचं ते ठरवते आहे. ओर्फावर रागवायची सवय होती, आता ती जागा रिकामी झाली. आईवर? तिने कधी ओर्फाला सांगितलं नाही, माझी लाज राखायला. स्वतःवर रागवायला वय राहिलं नाही.

काल निघताना आम्ही हात धरून पायऱ्या उतरलो, पण पुढचं काही बोललो नाही. पुढच्या वर्षी मॅच नाही. मग कधी? तिचा फोन नंबर मला पाठ आहे, आकडे मला येतात. तीनदा उचलला. तिने "हॅलो" म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून तीनदा ठेवला.

गुरुवार, १५ डिसेंबर

ओर्फाचं पत्र दर वर्षी पंधरा तारखेच्या आत येतं. आज टपालपेटीत विजेचं बिल होतं आणि हॅम विकणाऱ्यांचा कागद. मी मार्लिसला पुन्हा जाऊन बघायला लावलं. नाही.

बेचाळीस वर्षं ज्या पत्राचा मला राग येत होता, ते आलं नाही तर मी अशी का बसले आहे, विचारू नका. कदाचित तिला वाटलं असेल, हिला पाठवून काय उपयोग. कदाचित अडाणी बहीण नको वाटली असेल. मी मार्लिसला असं म्हणाले, तर ती वही मिटून स्वयंपाकघरात गेली. नाक शिंकरल्याचा आवाज आला.

मंगळवार, २० डिसेंबर

मंगळवार. मॅच नाही, थँक्सगिव्हिंग नाही, कुणी मेलेलं नाही. साडेदहाला दारात गाडी थांबली आणि ओर्फा उतरली. स्वेटर साधा राखाडी होता. बेचाळीस वर्षांत मी तिला निळ्याशिवाय पाहिलेलंच नाही, क्षणभर ओळखली नाही.

"पत्र पाठवून उपयोग नव्हता," ती म्हणाली. "म्हणून मीच आले."

पुढच्या खोलीत बसलो. तिने माझे गुडघे विचारले, मी तिची नातवंडं विचारली, रस्त्यावर बर्फ किती ते झालं. तेवढ्यात जाहिरातीपुरती तीन-साडेतीन मिनिटं झाली असतील. आणि दोघी एकदम गप्प झालो. गप्प बसून समोर बघत राहिलो, बंद टीव्हीकडे. कुणीतरी येऊन उभं राहील म्हणून वाट बघत होतो की काय, देव जाणे. ओर्फाच्या लक्षात आलं आणि ती हसायला लागली. मग मीही. मग ती हसता हसता रडली, तर मी तिला म्हणाले, "हॅलरनवाल्यांना दोन्ही एकदम जमत नाही."

मार्लिस डबे घेऊन आली, पत्रं वाचून दाखवू का म्हणून. ओर्फा तिला म्हणाली, "नको गं. त्यात अर्ध्या शिव्या आहेत. मी तोंडीच सांगते, गाळून."

माझा गुडघा धरला होता म्हणून कॉफी करायला तीच उठली. स्वयंपाकघरात गेली. पाणी ठेवल्याचा आवाज आला. मग ती तिथूनच म्हणाली, "डेल्फ, कप कुठे असतात तुझे?"

मी सांगायला तोंड उघडलं. माझी बहीण सहासष्ट वर्षांची आहे, नऊ मैलांवर राहते, आणि माझे कप कुठे असतात हे तिला माहीत नाही. तिचे कप कुठे असतात हे मला माहीत नाही. कुठल्या रंगाचे आहेत, तेही नाही.

मार्लिस उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं.

ओर्फाला मी काही सांगितलं नाही. तिला एकेक कपाट उघडू दिलं, सगळी.